संप टिकतो कशावर? रायगड किनाऱ्यावरचे पाच लढे

वडखळहून अलिबागला जाणारा रस्ता पोयनाडच्या आसपास खारेपाटातून जातो. शनिवारी सकाळी इथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि गाड्यांतल्या बहुतेकांना समुद्र गाठायची घाई असते. याच खारेपाटात चरी नावाचं गाव आहे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं चरीतल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. गिरणी कामगारांचे संप आपण ऐकलेले असतात. पण ज्याचं पोटच भातावर आहे, त्यानं भात लावायचंच नाकारायचं, तेही एकामागून एक पावसाळे, हे जमलं कसं?

या प्रश्नाला सोयीचं उत्तर ‘जिद्द’ असं आहे आणि ते अपुरं आहे. जिद्द हरलेल्या लढ्यांतही असते. नीट उत्तर हवं असेल तर याच किनाऱ्यावरचे आणखी चार लढे शेजारी ठेवून पाहावे लागतात: १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह, १९४८ ची जंजिरा मुक्ती, १९८४ चं जासईचं आंदोलन आणि २००८ मध्ये पेण तालुक्यात झालेलं मतदान.

एका किनाऱ्यावर किती राजे

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या पट्ट्यात अलिबागला आंग्रे, रेवदंड्याला पोर्तुगीज, मुरूडला सिद्दी आणि समोर मुंबईत इंग्रज अशी चार सत्तांची दाटी होती. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केलं. १८६९ मध्ये कुलाबा हा वेगळा जिल्हा झाला आणि १ जानेवारी १९८१ पासून त्याचं नाव रायगड झालं.

सिद्दीचं जंजिरा संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकलं. उत्तरेला कुंडलिकेची खाडी, दक्षिणेला बाणकोटची आणि मधोमध राजपुरीची. कुंडलिका ओलांडली की सरकार बदलत असे. अलीकडे कलेक्टर, पलीकडे नवाब. दोन्हीकडे शेतकरी मात्र एकच गोष्ट ओळखत होता: सरकार कुणाचंही असो, दारात सारा मागायला येतो तो मधला माणूस.

खोत, कूळ आणि खारी जमीन

तो मधला माणूस म्हणजे खोत. गावचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची आणि तिच्या बदल्यात गावावर हुकमत त्याची, तीही वंशपरंपरेनं. जमीन कसणारा तो कूळ. कुळानं कबुलायत लिहून द्यायची आणि पीक आलं की ठरलेला खंड भाताच्या रूपात खोताच्या खळ्यावर पोचवायचा. त्यावर वेठ वेगळी: खोताच्या घरचं काम, ओझी वाहणं, बोलावलं की जाणं.

खारेपाटात या व्यवहाराला आणखी एक पीळ होता. इथली जमीन भरतीच्या पाण्यापासून सोडवून घेतलेली. चिखलमातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी बसवायची, म्हणजे ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाईल आणि भरतीला खारं पाणी आत येणार नाही. मग पावसाच्या पाण्यानं जमिनीतला खार धुऊन निघण्याची वाट पाहायची. हे काम पिढ्यान्‌पिढ्या आगरी-कोळी कुटुंबांनी कमरेएवढ्या चिखलात उभं राहून केलं. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन पुढची काही वर्षं नीट पिकत नाही. तोटा कुळाचा, कबुलायतीतला खंड तसाच. म्हणजे ज्यांच्या कष्टानं जमीन समुद्रातून वर आली, त्यांचीच ती नव्हती. चरीच्या लढ्यातली चीड या एका गोष्टीतून समजते.

आता दुसरी बाजू. खारेपाटात भाताचं पीक वर्षातून एकदाच येतं. उरलेले महिने माणसं खाडीवर, रानावर आणि मिठागरांवर काढत. निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी, सुकवलेला जवळा, डोंगरातली फाटी, मीठ ओढायची मजुरी. गरिबीचंच जगणं हे. पण खाडीची कबुलायत कुणाकडे लिहून द्यावी लागत नव्हती. पुढचं सगळं या वाक्याभोवती फिरतं.

चिरनेर, २५ सप्टेंबर १९३०

मार्च-एप्रिल १९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह झाला. पावसाळा सुरू झाल्यावर मीठ पिकवता येईना, तेव्हा महाराष्ट्रात काँग्रेसनं जंगल कायदा निवडला. १० जुलैला बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सुरुवात केली. मग संगमनेर, बिळाशी अशा ठिकाणी लोक कोयते-विळे घेऊन रानात शिरले.

उरण तालुक्यातल्या चिरनेरला अक्कादेवीच्या रानात २५ सप्टेंबरला आसपासच्या गावांतून सत्याग्रही जमले. पोलिसांनी गोळीबार केला. धाकू गवत्या फोफेरकर, नवशा महादेव कोळी, रामा बामा कोळी, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, आनंदा माया पाटील, परशुराम रामा पाटील, हसुराम बुधाजी घरत आणि आलू बेमट्या म्हात्रे हे आठ जण त्यात गेले. मामलेदार केशव महादेव जोशी यांचाही त्या दिवशी गोळी लागून मृत्यू झाला.

नावं पुन्हा वाचा. आगरी, कोळी, न्हावी. शहरातला वकील नाही, संपादक नाही. या माणसांना रान कशाला हवं होतं, हे वर आलंच आहे. जंगल राखीव झालं म्हणजे फाटी, गवत, चराई यांवर परवाना आणि दंड आला. भातावर खोताचा हक्क होताच; आता पोटाच्या दुसऱ्या आधारावर सरकार बसलं. ‘स्वराज्य’ हा शब्द चिरनेरला या मार्गानं पोचला. दिल्लीच्या सत्तेची चर्चा त्यानंतरची.

चरीचा संप

नारायण नागू पाटील म्हणजे खारेपाटातले आप्पासाहेब. खोती आणि सावकारीविरुद्ध ते आणि भाई अनंत चित्रे गावोगाव सभा घेत होते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला सभा भरली आणि पंचवीस गावांनी ठरवलं की खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत. मागण्या आज वाचताना साध्या वाटतात: खंड कमी करा, वेठ बंद करा, कुळाला जमिनीवरून उठवू नका, कसतो त्याचं नाव कागदावर लावा. त्या काळी या मागण्या म्हणजे गावाची रचनाच उलटी करणं होतं.

महाराष्ट्रात १ जून २०१७ ला पुणतांब्यापासून शेतकरी संप सुरू झाला, तेव्हा अनेकांना चरी आठवली. पण दोन्हींची जात वेगळी. २०१७ मध्ये दूध-भाजीपाला शहरात जाऊ द्यायचा नाही असं ठरलं होतं. नाशवंत माल घरात साठतो, त्यामुळे असा संप दिवसांत मोजावा लागतो. चरीत मुळात पेरणीच थांबली. खोताला खंड मिळेना, सरकारचा सारा मात्र त्याला भरावा लागे. म्हणजे दरवर्षी तोटा खोताच्या अंगावर चढत गेला.

आणि कुळं? ती खाडीवर गेली. मासे-चिंबोऱ्या, रानातला लाकूडफाटा, परगावची मजुरी यांवर घरं चालली. हाल झाले, उपास घडले, त्याबद्दल शंका नको. पण खोताच्या हातात कुलूप होतं ते फक्त शेताचं.

बेलारूसचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. हा देश २५ ऑगस्ट १९९१ ला सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला आणि १९९४ पासून अलेक्सांद्र लुकाशेन्को तिथे सत्तेवर आहेत. ९ ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत त्यांना सुमारे ८० टक्के मतं मिळाल्याचं निवडणूक आयोगानं जाहीर केलं. लोकांना ते पटलं नाही. मिन्स्कच्या रस्त्यांवर लाखो लोक आले, ट्रॅक्टर कारखान्यासारख्या मोठ्या सरकारी कारखान्यांतले कामगारही काम टाकून बाहेर पडले. ऑक्टोबरमध्ये विरोधी नेत्या स्वेतलाना तिखानोव्हस्काया यांनी देशव्यापी संपाची हाक दिली, पण तो जोर धरू शकला नाही. तिथले मोठे कारखाने सरकारचे, कामगारांचे करार बहुधा मुदतीचे. मुदत संपली की नूतनीकरण वरिष्ठांच्या मर्जीवर. धरपकड तर होतीच. ज्याच्याविरुद्ध संप करायचा त्याच्याच हातात पगार, आणि पगाराला दुसरा आधार नाही. धैर्यात मिन्स्कचे कामगार चरीच्या कुळांपेक्षा कमी होते असं कुणी म्हणू नये. त्यांच्याजवळ खाडी नव्हती.

अर्थात एकट्या खाडीनं संप जिंकला नाही. दुसरं बळ माणसांचं होतं, आणि ते एका लढ्यातून दुसऱ्यात आलेलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच्या तयारीत अनंत चित्रे होते. तेच चित्रे पुढे चरीत दिसतात. १९३४ मध्ये चरीला शेतकरी परिषद झाली तेव्हा अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तळ्याच्या पाण्यासाठी उभा राहिलेला महाडचा अस्पृश्य समाज आणि खंडाखाली पिचलेला खारेपाटातला आगरी यांना एका व्यासपीठावर आणणं सोपं नव्हतं. जातीच्या भिंती दोन्हीकडे होत्या. आपल्याकडे महाडचं स्मरण एका गटाकडे आणि चरीचं दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली आहे. ती इतिहासाला धरून नाही.

या जुळणीचं फळ कायदेमंडळात दिसलं. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, निवडणूक लढवली आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. विधेयक मंजूर झालं नाही. दरम्यान १९३७ मध्येच नारायण नागू पाटलांनी अलिबागला ‘कृषीवल’ सुरू केलं. शेतकऱ्यांची बाजू छापायला हातात वर्तमानपत्र हवं, हे त्यांनी वेळेवर ओळखलं होतं. ते पत्र आजही निघतं.

१९३९ मध्ये महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले, बोलणी झाली आणि संप मिटला. त्याच वर्षीच्या मुंबई कुळ कायद्यात ‘संरक्षित कूळ’ ही कल्पना आली: ठरावीक वर्षं जमीन कसणाऱ्याला मनात आलं म्हणून उठवता येणार नाही. पुढे १९४८ चा कुळ कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं मालक मानलं गेलं. हे सगळं एकट्या चरीमुळे झालं असा दावा मी करणार नाही. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर चरीची ओसाड शेतं होती, एवढं नक्की.

जंजिरा: राहून गेलेली बातमी

कुंडलिकेपलीकडे १५ ऑगस्ट १९४७ ला मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन या तालुक्यांत नवाबाचंच राज्य होतं. सिद्दी मुहम्मद खान १९२२ पासून गादीवर होते. राज्य छोटं, त्याचा एक तुकडा दूर सौराष्ट्रच्या किनाऱ्यावर, जाफराबादला. नवाबी कारभाराचं चित्र सरसकट काळं रंगवण्याची गरज नाही. मुरूडला पाणी देणारं गारंबीचं धरण नवाबांच्याच काळातलं. प्रश्न होता तो मतदान नसलेल्या प्रजेचा.

महाडचे नानासाहेब पुरोहित १९४२ च्या चळवळीतून तावूनसुलाखून आलेले होते. १० सप्टेंबर १९४२ च्या महाडच्या मोर्चावर गोळीबार झाला होता, त्या मोर्चाचे ते नेते. जानेवारी १९४८ च्या अखेरीस ते आणि महाडजवळच्या नात्याचे तरुण मोहन धारिया स्वयंसेवकांना घेऊन संस्थानात शिरले. म्हसळा, मग श्रीवर्धन ताब्यात आलं. मुरूडपर्यंत लढाई जाण्याची वेळ आली नाही. नवाबांनी विलीनीकरण मान्य केलं. ३१ जानेवारी हा जंजिरा मुक्ती दिन मानला जातो. ८ मार्च १९४८ पासून संस्थानाचा कारभार मुंबई प्रांताकडे आला.

तारीख पाहिली की ही घटना विस्मरणात का गेली ते कळतं. आदल्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली होती. त्या दिवशी म्हसळ्याची बातमी कोण वाचणार? मराठवाड्याला १७ सप्टेंबर मिळाला, गोव्याला १९ डिसेंबर. जंजिऱ्याच्या वाट्याला पर्यटकांसाठीचा किल्ला तेवढा आला.

जासई, जानेवारी १९८४

स्वातंत्र्यानंतर खोत गेला आणि जमीन कुळाच्या नावावर झाली. मग १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. पाठोपाठ न्हावाशेव्याचं बंदर आलं. खारेपाटातल्या एका पिढीनं खोतावर बहिष्कार टाकला होता, किनाऱ्यावरच्या पुढच्या पिढीसमोर आता भूसंपादन अधिकारी होता.

शेतकरी कामगार पक्षाचे दिनकर बाळू पाटील, म्हणजे दि. बा., हे जासईचेच. आमदार, खासदार झालेले, पण माणसं त्यांना ओळखत ती मोर्चाच्या पुढच्या रांगेत. भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात १६ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघरला पोलिसांनी गोळ्या चालवल्या. पहिल्या दिवशी धुतुमचे नामदेव शंकर घरत आणि रघुनाथ अर्जुन ठाकूर, दुसऱ्या दिवशी पागोट्याचे केशव महादेव पाटील, महादेव हिरा पाटील आणि कमलाकर कृष्णा तांडेल असे पाच जण गेले. चिरनेरपासून हे अंतर काही किलोमीटरचं. मधे ५३ वर्षं आणि एक स्वातंत्र्य.

या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के एवढी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची. नवी मुंबईतल्या आगरी-कोळी घरांत ‘साडेबारा टक्के’ हे दोन शब्द पुरतात, पुढे काही सांगावं लागत नाही. बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना या योजनेची पत्रं पंतप्रधानांच्या हस्ते मिळाली ती ऑगस्ट २०१४ मध्ये. गोळीबारानंतर तीस वर्षांनी.

चरीच्या तुलनेत इथे काय बदललं? कूळ संप करू शकत होतं, कारण खोताला त्याच्या श्रमाची गरज होती आणि कुळाला खाडी होती. बंदराला शेतकऱ्याचे श्रम नको होते, फक्त जागा हवी होती. आणि भराव पडला तो खाडीवरच; शेत आणि मासेमारी एकाच वेळी गेली. ‘आम्ही कसत नाही’ म्हणून कुणाचंही काही अडणार नव्हतं. म्हणून मागणीही बदलली: मोबदला, नोकरी, भूखंड. या मागण्या रास्त होत्या, पण त्या पुऱ्या करणं समोरच्याच्या हातात होतं, आणि त्यानं तीस वर्षं लावली.

पेणची मतपेटी, २००८

२००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानंतर पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी हजारो हेक्टर जमीन घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. विरोध करणाऱ्यांत प्रा. एन. डी. पाटील होते, उल्का महाजन होत्या, आणि पेणच्या खारेपाटातल्या बाया होत्या. त्यांचा मुद्दा नेमका होता: हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ओलिताची जमीन उद्योगाला कशी देता?

२१ सप्टेंबर २००८ ला लाभक्षेत्रातल्या २२ गावांत प्रशासनानं शेतकऱ्यांचं मत घेतलं. भूसंपादनाला हो की नाही, एवढाच प्रश्न. कौल प्रकल्पाच्या विरोधात असल्याच्या बातम्या सर्वत्र आल्या. सरकारनं निकाल रीतसर जाहीर केला नाही. पुढच्या वर्षी अधिसूचनेची मुदत संपली आणि संपादन बारगळलं.

मिन्स्कमध्ये जाहीर केलेला निकाल लोकांनी मानला नाही, पेणमध्ये लोकांचा निकाल कुणी जाहीरच केला नाही. तरी पेणची जमीन वाचली, कारण ती अजून शेतकऱ्यांच्या ताब्यात होती, त्यावर भात उभा होता आणि खाडीत जिताडा मासा होता. ताबा सोडल्यावर वाटाघाट करणं आणि ताब्यात असताना नकार देणं यांत किती फरक आहे, हे शेजारच्या उरण तालुक्यानं पेणला दाखवून ठेवलं होतं.

स्मारकं आणि कागद

चिरनेरला हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी २५ सप्टेंबरला तिथे शासकीय मानवंदना दिली जाते. जासईला १६ आणि १७ जानेवारीला कार्यक्रम होतो. चरीला संपाचं स्मारक आहे. अलिबागला जाताना दहा मिनिटं थांबलात तरी पुरे.

स्मारकापेक्षा निकडीचं काम मात्र घरांत आहे. खारेपाटातल्या, उरणच्या, म्हसळ्या-श्रीवर्धनच्या अनेक घरांत जुन्या पेट्यांमध्ये कबुलायती, खंडाच्या पावत्या, कुळ कायद्याच्या नोटिसा, संस्थानी काळातले मोडी कागद, ‘कृषीवल’चे जुने अंक पडून असतात. घर पाडून नवं बांधताना ते रद्दीत जातात. तुमच्या घरी असे कागद असतील तर आधी त्यांचे फोटो काढून ठेवा, मागच्या बाजूचेही. मोडी वाचणाऱ्या माणसाला एकदा दाखवा, आणि मूळ प्रती जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला पोच घेऊन द्या.